समुद्र तापलाय

फौजदारनं हॉटलाइनचं बटण दाबलं, पलीकडून “प्लँट” असा आवाज आला आणि तिनं सकाळचा आकडा विचारला. आकडा कालच्यापेक्षा कमी होता. कालचा परवापेक्षा कमी होता.

“कारण?” तिनं विचारलं.

“समुद्राचं पाणी तापलंय. उन्हाळा कडक आहे ना, वाफ निववायला जे पाणी आत घेतो तेच कोमट येतंय. म्हणून थोडं खाली आलोय. बाकी सगळं ठीक आहे, काळजीचं काही नाही.”

तिनं ते शब्दाशब्दानं परत म्हटलं. या लाइनवर तसाच नियम होता. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच्या तेच परत म्हणायचं, मग पहिल्यानं ‘बरोबर’ म्हणायचं, आणि हे सगळं टेप होत राहायचं. शेजारच्या टेबलावर एकजण ऊन-वारा बघून उद्या किती वीज लागेल याचा अंदाज बांधत बसायचा. त्याला सगळे हवामानच म्हणत. हवामानचं मत होतं की नवरा-बायकोंनी घरी हा नियम पाळला तर निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील. उरलेली निम्मी टेप ऐकून होतील, ही पुस्ती फौजदारची.

पलीकडून ‘बरोबर’ आलं, पण जरा लवकरच आलं. तिचं वाक्य अजून संपायचं होतं.

तिनं रिसीव्हर ठेवला, पण हात त्यावरच राहिला. पलीकडचा आवाज तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचा होता.

ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ती भार नियंत्रण केंद्रात शिफ्टची प्रमुख, तो अणुवीज प्रकल्पात शिफ्टचा प्रमुख. ड्युट्या जुळल्या की दोघं बोलायची. लाइनवर ती ‘केंद्र’ आणि तो ‘प्लँट’. फौजदार हे घरातलं नाव, आणि ते त्यानंच ठेवलेलं, कारण लहानपणी त्याचं खोटं ती पकडायची. त्यात तिची फार हुशारी होती अशातला भाग नाही. दादाला खोटं बोलताच येत नाही, असं घरी सगळेच म्हणत. विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायचा, आणि विचारून व्हायच्या आत सांगायचा. बरणी फुटली की मांजर आलेलं असायचं, ते खिडकीतून आलेलं असायचं, पांढरं असायचं आणि एका पायानं लंगडत असायचं. लंगडं मांजर फडताळावर चढलं कसं, एवढंच तिला विचारावं लागे. मग ती जाऊन आईला सांगायची. आई त्याला ओरडायची, आणि तिला त्याहून जास्त, चहाड्या करते म्हणून.

आणि आज हे. कडक उन्हाळा, कोमट पाणी, काळजीचं काही नाही. काळजीचं विचारलं होतं कुणी?

समोरची अख्खी भिंत म्हणजे एक पडदा होता. साऱ्या प्रदेशाची वीज त्यावर रेघारेघांनी धावत असायची. कोळशाच्या केंद्रांच्या रेघा चढायच्या, उतरायच्या, मध्येच रुसायच्या. धरणाचं पाणी जपून वापरायचं, म्हणून ती वीज राखून ठेवलेली. उन्हाची वीज दिवसा भरभरून यायची आणि संध्याकाळी, लोक घरी येऊन नेमके पंखे आणि एसी लावायचे तेव्हा, पाठ फिरवायची. या सगळ्या लहरी मंडळींत प्लँटची रेघ तेवढी सरळ, इस्त्री केल्यासारखी. तिच्या भरवशावर बाकीचं सगळं गणित मांडलेलं होतं. तीच रेघ या आठवड्यात पायरीपायरीनं खाली येत होती. इतकी थोडी, की बघणाऱ्याला वाटावं पडद्यालाच काहीतरी झालंय.

तिला पायऱ्यांची भीती नव्हती. सावकाश उतरवलेला प्लँट सांभाळून घेता येतो. पण एवढा मोठा आधार संध्याकाळच्या ऐन गर्दीत एका झटक्यात गेला, तर त्याचा भार बाकीच्यांवर येतो, तेही एकामागून एक मान टाकतात, आणि बघता बघता सगळा प्रदेश अंधारात जातो. त्यातून अशी अचानक विझलेली अणुभट्टी दीड-दोन दिवस पुन्हा पेटत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी एक मुख्य लाइन तुटून असाच अंधार झाला होता आणि फौजदार याच खुर्चीत होती. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईचा फोन, कसा कोण जाणे, तिच्याच टेबलावर लागला होता. ती बाई रडत नव्हती, नुसतं विचारत होती, अजून किती वेळ. तेव्हापासून फौजदार जिन्यानंच जायची-यायची.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” ती हवामानला म्हणाली.

हवामाननं सगळे आकडे पुन्हा पाहिले आणि ऊन तर गेल्या वर्षीइतकंच आहे, असं सांगितलं. गेल्या वर्षी समुद्र नव्हता तापला तो?

त्याच किनाऱ्यावर, प्लँटपासून थोडं पुढे, कोळशाचं एक जुनं केंद्र होतं. तेही त्याच समुद्राचं पाणी घ्यायचं. तिथला म्हातारा इंजिनियर गप्पिष्ट होता. तिनं त्याला फोन लावला, इकडचं तिकडचं बोलली आणि सहज म्हणून पाण्याचं विचारलं. पाणी ना, तो म्हणाला, यंदा झकास आहे, उलट गारच येतंय, आमचं म्हातारं यंत्र कधी नव्हे ते खुशीत आहे. कोण म्हणतं तापलंय? कोणी नाही, ती म्हणाली, असंच विचारलं.

तिनं रिसीव्हर ठेवला. नुसता संशय असतो तोवर स्वतःलाच वेड्यात काढून गप्प बसता येतं. आता ती सोय राहिली नव्हती.

ती साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण निवृत्ती तोंडावर आलेली माणसं असतात तितके सावध होते. त्यांनी तिच्यासमोरच प्लँटच्या प्रमुखांना फोन लावला, तब्येतीची चौकशी केली, मग मुद्द्यावर आले. सगळं मर्यादेत आहे, असं प्रमुख म्हणाले. मर्यादेत म्हणजे काय मर्यादेत, हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी तिलाच समजावलं की प्लँटला हात लावायची आपली रीत नाही. तो चालू ठेवायचा आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती नाचवायचं. या दिवसांत तो बंद करायचा म्हणजे गावोगाव लोडशेडिंग, आणि लोक शिव्या घालतात त्या आपल्याला, समुद्राला नाही.

“भाऊ आहे ना तुमचा तिथे? तो काय म्हणतो?”

“समुद्र तापलाय म्हणतो.”

“मग झालं तर.”

झालं म्हणे. दार ओढून घेताना तिनं ते जरा जोरातच ओढलं.

दादाला मोबाइलवर गाठायची सोय नव्हती. तिथे मोबाइल गेटवरच काढून ठेवावा लागे. टेपच्या लाइनवर बहीण म्हणून विचारायचं तर त्याच्या नोकरीवर गदा यायची. राहिली वहिनी. फौजदार जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं दादाच्या घरी फोन लावला.

आई दादाकडे असायची, प्लँटच्या वसाहतीत. तिची फुप्फुसं थकली होती. हवेतला ऑक्सिजन ओढून नळीनं नाकाशी देणारं एक मशीन दिवसरात्र तिच्या उशाशी घरघरत असे, आणि ते विजेवर चाले. वहिनीनं आईची झोप, आईचं जेवण, आईची कुरकुर, सगळं सांगितलं आणि हसत हसत स्वतःची तक्रारही पुढे केली.

“यांनी ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आणून ठेवलेत, वन्सं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कसा उघडायचा, कसा लावायचा, मला दहादा शिकवून झालं. म्हणे मशीनवर विसंबू नकोस. मी म्हटलं, अहो, सगळ्या मुलखाला वीज तुम्ही देता आणि स्वतःच्या घरी भरवसा नाही होय?”

“मग? काय म्हणाला?”

“काही नाही. हसलेसुद्धा नाहीत.” मग वहिनीला आठवलं. “तुमचा फोन येईल म्हणाले होते आज. आलाच बघा.”

फोन बंद करून ती तिथेच पायरीवर बसली. गळतीबिळतीची भीती असती तर दादानं आईला तिथून हलवलं असतं, मुलांना हलवलं असतं. त्यानं कुणालाच हलवलं नव्हतं. त्यानं फक्त वीज जाण्याची तयारी केली होती. ज्याच्या हाती प्लँट, तो माणूस घरी अंधाराची सोय लावून ड्युटीवर आला होता, आणि तिला सांगत होता काळजीचं काही नाही. तिला भयंकर राग आला. आपल्या आईची सोय केलीस, बाकीच्यांच्या आयांचं काय?

ती हॉलमध्ये परतली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि पडद्यावरची उन्हाची रेघ टम्म फुगली होती. प्लँट उतरवायचा तर आत्ताच, या उन्हाच्या आधारावर. उतरायला त्याला काही तास लागणार; तेवढ्यात धरणावरची यंत्रं लावून, शेजारच्या प्रदेशाकडून उसनी वीज घेऊन संध्याकाळची मोट बांधता आली असती. ऊन कलल्यावर हातात काही उरणार नव्हतं.

अधिकार तिला होता. ग्रिड धोक्यात आहे असं वाटलं तर शिफ्टच्या प्रमुखानं कुठल्याही केंद्राला खाली यायला सांगावं आणि मग काय ती उत्तरं देत बसावं, असा नियमच होता. फक्त प्लँटच्या बाबतीत तो कुणी वापरल्याचं हवामानला आठवत नव्हतं, आणि हवामानला सगळं आठवायचं. चूक निघाली तर खुर्ची जाणार. आणि चूक नाही निघाली तरी ते सिद्ध कशावरून करणार? दोन सिलिंडरांवरून?

तिनं बटण दाबलं.

“प्लँट, समुद्राचं पाणी खरंच तापलंय?”

“हो, खूपच. सकाळपासून आणखी तापलंय.”

“शेजारच्या केंद्राचं तापलेलं नाही.”

“आमच्या बाजूचं तापलंय.”

लंगडं मांजर. ती क्षणभर थांबली. आता तरी बोल, तिनं मनात म्हटलं, बोल रे बाबा.

“प्लँट, केंद्राकडून सूचना. आत्तापासून भार उतरवायला लागा. सावकाश, टप्प्याटप्प्यानं. ऊन कलायच्या आत शून्यावर या.”

तिला वाटलं, आता हा उसळणार. एकेका मेगावॅटसाठी या माणसानं तिच्याशी हुज्जत घातली होती. पण त्यानं सगळी सूचना परत म्हटली, कुठेही न अडखळता.

“कारण?” मग त्यानं विचारलं.

“ग्रिडची सुरक्षा. जबाबदारी केंद्राची.”

“ग्रिडची सुरक्षा,” तो म्हणाला. आणि जरा सावकाश, टेपवर नीट उमटेल असं, “जबाबदारी केंद्राची.”

“बरोबर,” ती म्हणाली.

पुढे दुपारभर तिला पाणी प्यायला सवड झाली नाही. धरणवाल्यांनी कुरकुर केली, शेजारच्या प्रदेशानं आधी नाही म्हणून मग हो म्हटलं, आणि तरीही तूट राहिलीच. तेव्हा हवामाननं भागाभागानं लोडशेडिंगची पाळी लावली. पहिल्या पाळीत त्यानं फौजदारचा स्वतःचा भाग टाकला. तेवढंच लोकांना सांगायला बरं, म्हणाला. साहेब हॉलमध्ये आले ते लालबुंद होऊन. प्लँटचे प्रमुख त्यांना फोनवर वाट्टेल ते बोलले होते. हा काय पोरखेळ आहे, कुणाला विचारून केलंत, असं साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, आणि मी केलं, एवढंच ती म्हणाली. मग तेच उद्या वरच्यांसमोर सांगा, असं म्हणून साहेबांनी हात वर केले आणि निघून गेले.

संध्याकाळी उन्हाची रेघ उतरली. लोक घरी आले, दिवे लागले, पंखे फिरले. पडद्यावर सगळ्या रेघा ताणल्या गेल्या, एक-दोन लटपटल्या, पण कुणी मान टाकली नाही. हवामाननं खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. तिची ड्युटी कधीच संपली होती, तरी ती उठली नव्हती.

तेवढ्यात टेबलावरचा साधा फोन वाजला. प्लँटवर दादाच्या जागी ड्युटीवर आलेला इंजिनियर बोलत होता. हे टेपवर नको म्हणून इकडून करतोय, म्हणाला, पण तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. टर्बाइनच्या एका बेअरिंगची थरथर आठवडाभर वाढत होती. मर्यादेत होती, पण रोज वाढत होती. तुमच्या दादांनी प्रमुखांकडे कितीदा यंत्र थांबवायला मागितलं. प्रमुख म्हणायचे, मर्यादेत आहे ना, उन्हाळा जाऊ दे, थोडं कमी करून ओढा, केंद्राला काय कारण द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. आता यंत्र थांबल्यावर तेलाच्या गाळणीत बघतात तर धातूचा चुरा. आजची संध्याकाळ त्यानं काढली नसती.

“नशीब, फिटर हाताशी होते,” तो म्हणाला.

“इतक्यात कसे आले?”

“इतक्यात कुठले? सकाळपासून येऊन बसलेत. दादांनीच बोलावून ठेवले होते. चहा पिऊन पिऊन कंटाळले बिचारे.”

तिनं त्याचे आभार मानले आणि रिसीव्हर हळूच ठेवला. सकाळपासून. सकाळी तिनं नुसता आकडा विचारला होता, सूचना तिच्या स्वप्नातही नव्हती. तुमचा फोन येईल म्हणाले होते आज. कारण तुमचं तुम्ही बघा, असं त्याला सांगितलं होतं. मग प्लँटच्या आतलं हवं ते कारण दिलं असतं, तिला काय कळणार होतं तिकडच्या आतलं? एखादी झडप, एखादा पंप. पडताळायला ती जाणार कुठे? पण त्यानं कारण निवडलं समुद्राचं. शेजारी दुसरं केंद्र ज्यातून पाणी उचलतं, त्या समुद्राचं.

बरणी. आईचा चष्मा. शेजाऱ्यांची काच. ती एकेक आठवत गेली. दरवेळी लंगडं मांजर, दरवेळी ती आईकडे धावलेली, आणि दरवेळी दादा मान खाली घालून नामानिराळा. कबूल करायची पाळी त्याच्यावर एकदाही आली नव्हती. त्याच्या वतीनं ती धावायची, आणि धावल्याबद्दल बोलणी खायची. सगळ्या लहानपणी तिला वाटत आलं होतं की आपण फार हुशार. आजही, बटण दाबताना, तेच वाटलं होतं.

ती हसली की काय, असं हवामानला वाटलं असावं, कारण त्यानं एक डोळा उघडून पाहिलं. ती हसत नव्हती.

मोबाइल वाजला. आई होती.

“दादा आला आत्ता,” आई म्हणाली. दोन शब्द झाले की ती श्वास घ्यायला थांबायची. “म्हणतो, फौजदारनं आज प्लँटच बंद केला. कशाला गं?”

“करायला हवा होता, आई.”

“त्याचे साहेब फार चिडलेत म्हणे. त्याला नाही बोलले. त्याचा काय दोष? वरून आलं, त्यानं ऐकलं.”

“दे त्याला फोन.”

“आंघोळीला गेलाय.” आईच्या मागे मशीन घरघरत होतं, एका सुरात, न थांबता. “त्याच्यावर रागावू नकोस. दमलाय तो. आणि तुला ठाऊक आहे, त्याच्या पोटात काही नसतं. त्याला खोटं बोलता येत नाही.”

पडद्यावर सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. प्लँटची तेवढी तळाला लागली होती, सरळ.

“त्याला खोटं बोलता येत नाही,” फौजदारनं शब्दाशब्दानं परत म्हटलं.

“बरोबर,” आई म्हणाली.